मेजर कूपरांचं इंजिन

यादव बच्छाव मूळचा कळवणचा. पण अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यानं स्वतःची शेड टाकली आणि इंदिरानगरमध्ये दोन खोल्या घेतल्या, तेव्हापासून तो नाशिकचाच झाला. शेडमध्ये फायबरचं काम चाले. पाण्याच्या टाक्यांची झाकणं, रिक्षांचे मडगार्ड, कूलरची खोकी, एखाद्या बंगल्याच्या कारंज्यासाठी माशाचं तोंड. साच्याला मेण लावायचं, काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वरून रेझिन सोडून ब्रशानं दाबत जायचं. माणूस बेताच्या उंचीचा, बोलायला कमी. पण वस्तू साच्यातून निघाली की तिच्याकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही, असं त्याची बायको मोहिनी म्हणायची.

१९९४च्या उन्हाळ्यात एक दिवस शेडच्या दारात पांढरी फियाट थांबली आणि तिच्यातून एक उंच, गोरे, खांद्यात जरा वाकलेले गृहस्थ उतरले. देवळाली कॅम्पातले निवृत्त मेजर कूपर. मागच्या सीटवरून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली एक बोट काढली आणि तान्हं मूल ठेवावं तशी टेबलावर ठेवली. हातभर लांब, लाल रंगाची, आणि नाकापासून मधोमध चिरलेली.

"हे जुळेल काय?" मेजरांनी विचारलं.

यादवनं ती उलटी केली. असली बोट त्यानं कधी पाहिली नव्हती. तिला पोटच नव्हतं. दोन्ही कडांना दोन लांबट, चपटे पाय होते आणि त्या दोहोंच्या मधून पुढून मागपर्यंत आरपार बोगदा गेला होता.

"साहेब, मधे पोकळ कशाला ठेवलीय?"

"तीच तर मजा हाय. जोरात पळाली का त्या बोगद्यात हवा भरते. हवा बोटीला उचलते. मग पाण्याला टेकते फक्त शेपटी आणि पंखा. टनेल बोट बोलतात हिला. तू जुळव, आणि रविवारी गंगापूर धरणावर ये. हे सांगून नाय समजत."

यादवनं बोट अशी जुळवली की चीर कुठं होती ते मेजरांना बोटांनी चाचपूनही सापडेना. रविवारी तो धरणाच्या मागच्या पाण्यावर गेला. मेजरांनी बोट सोडली. तिच्या पाठीशी टांगलेलं मुठीएवढं जपानी इंजिन आधी खाकरलं, मग किंचाळायला लागलं. इंधनात मिसळलेल्या एरंडेलाचा जळका वास आला. बोट आधी पाणी कापत गेली, मग कापेनाशी झाली. नुसती वरच्या वर सरकत गेली, आणि तिच्या मागे पांढरा फवारा मोराच्या पिसाऱ्यासारखा उभा राहिला. मेजरांनी रिमोटवरचा अंगठा सैल केला तेव्हा यादवला कळलं की आपण चपलांसकट पाण्यात उतरलोय.

वर्षभरात त्यानं स्वतःचा साचा केला आणि स्वतःची बोट काढली. इंजिन मात्र त्याला मुंबईच्या एका म्हाताऱ्या हौशी माणसाकडून जुनं मिळालं. ते चालायचं, पण तक्रार करत. मेजरांचं जपानी इंजिन पहिल्या दोरीला सुरू व्हायचं आणि थांबवेपर्यंत एका सुरात गात राहायचं. यादवची नजर पुन्हा पुन्हा त्याच्यावर जायची.

रविवारी धरणावर जमणारी मंडळी पाच-सहाच होती. कुणी ओझरच्या कारखान्यातला, कुणी नाशिकरोडच्या छापखान्यातला. वळणावळणाच्या शर्यतीत कुणालाच रस नव्हता. पाण्यावर भगव्या रंगाचे दोन डबे तरंगत ठेवायचे, बोट लांबून पळवत आणायची आणि दोन डब्यांमधलं सरळ अंतर ती किती वेळात कापते ते स्टॉपवॉचवर बघायचं, एवढाच खेळ. पण त्या एवढ्याशा खेळात माणसं वेडी व्हायची. बोट बांधणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे तिला बसवणं. इंजिन केसभर खाली राहिलं तर ते पाण्यात रुततं आणि बोट जड होते. केसभर वर गेलं तर पंखा हवा गिळतो आणि जागच्या जागी बोंबलतो. इंजिनाचा कल जरा मागे दिला की नाक उचललं जातं, वेग वाढतो. पण तोच कल थोडा जास्त झाला की वाऱ्याची एक झुळूक बोगद्यात शिरते आणि बोट पतंगासारखी उलटी होते. हे सगळं पातळ पितळी चकत्या घालून-काढून जमवायचं. एक चकती घातली की पुन्हा पळवून बघायचं.

यादवच्या बोटींचे तळ काचेसारखे सपाट. ते काम त्याच्याइतकं कुणाचंच नव्हतं. सगळे त्याच्याकडूनच सांगाडे करून घ्यायचे. तरी स्वतःची बोट घेऊन तो कधी दुसरा यायचा, कधी तिसरा. पहिले मेजर. त्याचं त्याला वाईट वाटायचं नाही. मेजर वयानं मोठे, त्यांच्याकडे ते इंजिन. हरावं तर अशा माणसाकडून.

मोहिनी दिंडोरीकडची. तिचे वडील रावजी यांचा द्राक्षांचा मळा पालखेड धरणाच्या पाण्याला लागून होता. लहानपणापासून पाणी तिच्या डोळ्यांसमोरच. नवऱ्याच्या या नव्या नादाला ती सुरुवातीला हसली. मग रविवारी डबा घेऊन बरोबर यायला लागली, आणि रिकामं बसण्यापेक्षा स्टॉपवॉच धरायला लागली. काठावरच्या एका खडकावर, पाण्यापासून वीतभर उंचीवर ती बसायची.

एका हिवाळ्यात, यादवची बोट तीनदा पळून झाल्यावर, ती म्हणाली, "अहो, तुमची बोट लंगडतेय."

"लंगडतेय म्हणजे?"

"वेग घेताना डावा पाय आधी टेकतो. मग ती सावरते आणि सरळ होते. त्या सावरण्यात वेळ जातो."

"पंखा एका बाजूला फिरतो ना, त्याच्या ओढीनं होतं तसं थोडं. सगळ्यांचंच होतं."

"मग तेलाची टाकी जराशी उजवीकडे सरकवून बघा की."

यादवनं मनावर घेतलं नसतं. पण मेजर शेजारीच उभे होते आणि ऐकत होते. त्यानं टाकी बोटभर सरकवली. पुढच्या धावेत बोट निघाली ती पट्टीनं रेघ मारल्यासारखी. त्या दिवशी पहिल्यांदा मेजर दुसरे आले. मंडळींनी यादवच्या पाठीवर थापा मारल्या.

"काय केलंस रे, यादव?" छापखान्यातल्या माणसानं विचारलं.

"काही नाही. टाकी जरा सरकवली," यादव म्हणाला.

मोहिनी तिथेच थर्मासचं झाकण लावत होती. तिनं ऐकलं. यादवनं तिच्याकडे बघायचं टाळलं, आणि तो दिवस तसाच गेला.

पण पुढच्या रविवारी मेजरांनी हाक मारली ती त्याला नव्हे. "मोहिनी, जरा माझी बघ ना. उड्या मारते का ती?"

ती खडकावर बसून बघत राहिली आणि म्हणाली, "उड्या नाही मारत, मेजरसाहेब. पण शेवटी शेवटी नाक खाली घालते. दमल्यासारखी." मेजरांनी कल बदलला. बोट सुधारली. मेजरांनी टोपी काढून तिला सलाम केला आणि सगळे हसले. यादवही हसला. पण तो सलाम जेवायला बसल्यावरही त्याच्या डोळ्यांसमोर होता.

मग ते दर रविवारचं झालं. बोट सोडली की माणसं खडकाकडे बघायची. "वहिनी, कशी वाटते?" "वहिनी, डावीकडे गेली का?" मोहिनी पाण्याकडे बघत दोन शब्दांत सांगायची आणि तसंच निघायचं. यादवला कुणी काही विचारायचं ते फायबरबद्दल. तो आठवडाभर डोकं लावून एखादी चकती बदलायचा, आणि ती खडकावरून म्हणायची, "आधीचीच बरी होती." आणि ती बरोबर असायची. ती चुकली असती तर त्याला बरं वाटलं असतं, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून ते वाटणं थांबलं नाही.

एकदा तिला ताप होता म्हणून ती आली नाही. यादवनं आपली बोट ओझरच्या माणसाला पळवायला दिली आणि स्वतः जाऊन त्या खडकावर बसला. तिच्यासारखाच, गुडघे जवळ घेऊन. त्याला वाटलं, जागेचीच किमया असेल. इथून कुणालाही दिसत असेल. बोट समोरून गेली. त्याला फवारा दिसला, फक्त फवारा. त्यानं पुन्हा पळवायला सांगितली. डोळे बारीक करून बघितलं. पांढरं पाणी, लाल ठिपका, संपलं. घरी आल्यावर मोहिनीनं पांघरुणातून विचारलं, "कशी पळाली आज?" "चांगली," तो म्हणाला आणि कपडे बदलायला आत गेला.

२००१ साली मेजर कूपरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नजर आली, पण हात थरथरायला लागले होते. रिमोटच्या काडीवर अंगठा ठरेना. दिवाळीनंतर त्यांनी नवरा-बायको दोघांना देवळालीच्या बंगलीवर चहाला बोलावलं. यादवला वाटेत स्कूटरवरच अंदाज आला होता. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. सात वर्षं तो मेजरांची बोट जुळवत, घासत, रंगवत आला होता. इंजिनाच्या आतला एक एक भाग त्याला पाठ होता.

चहा झाल्यावर मेजर आत गेले आणि लाकडी पेटी घेऊन आले. पेटीत हिरव्या कापडावर ते इंजिन होतं. त्यांनी पेटी उचलली आणि मोहिनीच्या पुढ्यात ठेवली.

"हे तुझं. मी आता पळवणार नाय."

मोहिनी गोंधळली. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. "मेजरसाहेब, मी कुठं पळवते बोट? यांना द्या."

"यादव सांगाडा बनवतो, त्याच्यासारखा कोण नाय. पण बोट तुला दिसते. ज्याला दिसते त्यानं पळवायची." मग ते यादवकडे वळले. "बरोबर बोलतो ना मी, यादव?"

"अगदी बरोबर," यादव म्हणाला. आपला आवाज इतका नीट कसा निघाला याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. "मी पण तेच म्हणणार होतो."

परत येताना मोहिनीनं पेटी दोघांच्या मधे, मांडीवर धरली होती. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती त्याच्या पाठीला टोचत होती.

आता इंजिनाला सांगाडा हवा होता, आणि तो यादवशिवाय कोण करणार? मोहिनीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "करतो, सवड मिळाली की." सवड त्यानं बरेच दिवस मिळू दिली नाही. शेवटी एक दिवस दुपारी साच्याला मेण लावताना त्याच्या मनात आलं की तळाला मागच्या बाजूला कागदाच्या जाडीएवढा खळगा राहिला तर कुणाला कळणार नाही. बोट पळेल, पण कधीच पहिली येणार नाही. हा विचार त्यानं बराच वेळ मनात घोळवला. मग काम सुरू केलं, आणि हात आपल्या सवयीनं चालत राहिले. चटई दाबली, बुडबुडे काढले, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरानं पाण्यात घासलं. साच्यातून निघाला तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सांगाडा होता. वाईट करायचं म्हणून बसलेल्या माणसाच्या हातून ते व्हावं, याचा त्याला राग आला.

मोहिनीनं तो वरून पिवळा रंगवून घेतला. रिमोट शिकायला तिला एक हिवाळा लागला. सुरुवातीला बोट वेड्यासारखी गोल फिरायची, मंडळी मजेत ओरडायची, आणि यादवला ते रविवार फार आवडायचे. मग तिच्या अंगठ्याला समज आली. पाण्यावर बोट काय करते ते तिला आधीच दिसत होतं. आता त्यावर काय करायचं तेही कळायला लागलं. ती शेडमध्ये येऊन विचारायची, "पंख्याच्या पात्याची धार किती ठेवता तुम्ही?" तो सांगायचा, पण अर्धं. धार सांगायचा, पात्याच्या टोकाचा बाक सांगायचा नाही. "तूच बघ ना, तुला तर दिसतं सगळं," असंही एकदा म्हणाला, हसत. ती हसली नाही.

२००३च्या जानेवारीत मुंबई-पुण्याचे हौशी लोक नाशिकला आले. पहिल्यांदाच एवढी मोठी जमवाजमव. कुडकुडायला लावणारी थंडी, पाण्यावर नुसती बारीक लहर. मेजर स्वेटर-टोपी घालून खुर्चीत बसले होते. सकाळच्या धावांत मोहिनीची पिवळी बोट सगळ्यांच्या पुढे होती. पुण्याची माणसं तिच्या बोटीभोवती गोळा होऊन इंजिन किती उंचीवर आहे ते वाकून बघत होती. यादव बाजूला आपल्या बोटीचं तेल काढत बसला होता. कुणीतरी त्याला विचारलं, "तुम्ही त्यांचे मिस्टर का?" तो हो म्हणाला. इतकी वर्षं बोटी केल्या, आणि शेवटी ओळख ही राहिली.

शेवटच्या धावेआधी वारा फिरला. सकाळपासून तो पाठीमागून होता. आता समोरून यायला लागला. वारा कळावा म्हणून डब्यांवर बांधलेल्या फडक्यांनी तोंड फिरवलं ते यादवनं पाहिलं. मोहिनी खाली वाकून पुण्याच्या एका बाईशी बोलत इंजिन पुसत होती. पाठवाऱ्यासाठी तिनं कल भरपूर मागे दिलेला होता. त्याच कलानं समोरच्या वाऱ्यात सोडली तर काय होईल, हे यादवला लख्ख माहीत होतं. एक चकती काढायला सांगायचं, एवढंच होतं. ती हाकेच्या अंतरावर होती.

यादवनं आपल्या बोटीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. ते नीटच लागलं होतं. त्यानं ते पुन्हा उघडलं.

मोहिनीनं बोट सोडली. पहिल्या डब्यापर्यंत ती सुरेख गेली. मग नाक वर आलं, आणखी वर आलं, बोगद्यात वारा शिरला आणि बोट पाण्यावरून सुटली. हवेत तिनं एक पूर्ण कोलांटी घेतली, तिचा पांढरा तळ उन्हात चमकला आणि ती पाठीवर आदळली. माणसांच्या तोंडून एकदम हाय निघाली. मेजर खुर्चीतून अर्धे उठले.

त्या दिवसापुरता बोलावलेला नावाडी बोट घेऊन आला तेव्हा तिचा उजवा पाय मुळापासून तुटला होता आणि इंजिनात पाणी गेलं होतं. यादव सगळ्यांच्या आधी धावला. तिथंच मांडी घालून त्यानं इंजिन खोललं, पाणी काढलं, तेल घातलं, दोरी ओढून ओढून ते पुन्हा बोलतं केलं. "वाचलं," तो म्हणाला. मेजरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात यादवला फार जड लागला.

परतीच्या वाटेवर मोहिनी स्कूटरवर मागे बसली होती. सोमेश्वर गेल्यावर ती म्हणाली, "वारा फिरला होता."

"हो ना. अचानकच."

"अचानक नाही. मी बोलण्यात होते, चूक माझीच. पण फडकी फिरली तेव्हा तुम्ही मान वर करून बघितलंत. मग माझ्याकडे बघितलंत. मग तुमचं ते झाकण उघडायला लागलात."

पुढे ट्रक होता. त्याच्या मागे यादव बराच वेळ स्कूटर चालवत राहिला, रस्ता मोकळा असूनही.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "सांगाडा जुळवून देऊ का? उद्याच बसतो."

"नको," ती म्हणाली. रागानं नाही. साधंच म्हणाली, चहा नको म्हणावं तसं.

पुढच्या रविवारी ती सकाळीच निघाली. तुटकी बोट पिशवीत घालून सीबीएसच्या स्टँडवरून दिंडोरीची एसटी पकडली आणि माहेरी गेली. संध्याकाळी परत आली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आठवडाभर घर नेहमीसारखं चाले. स्वयंपाक, बाजार, पाहुणे, सगळं. फक्त बोटीबद्दल ती त्याच्याशी चकार शब्द काढत नव्हती. अडलं की ती देवळालीला फोन करायची. बाहेरच्या खोलीतून यादवला ऐकू यायचं, "हो मेजरसाहेब. नाही, तो पाय मीच बसवला. हो, जड झालाय थोडा." आता त्याला मेजरांचाही हेवा वाटायला लागला. हा तर नवाच प्रकार होता.

तो एकटा धरणावर जात राहिला. त्याची बोट हळूहळू बिघडली. कुठं बिघडली ते कळेना. आधी वाटलं इंजिन दमलं. ते उघडून पुन्हा बांधलं. मग पंखे बदलले. चकत्या घातल्या, काढल्या. वेळ वाढतच गेला. रिमोट हातात धरून तो बोट पळवायचा आणि सवयीनं खडकाकडे बघायचा. तिथं कुणी नसायचं. ओझरचा माणूस म्हणाला, "वहिनींना आण ना रे. मजा गेली सगळी." "येईल," यादव म्हणाला.

ती आली नाहीच. पावसाळा गेला, द्राक्षांच्या छाटण्या सुरू झाल्या, आणि एका रविवारी यादवनं धरणाकडे वळण्याऐवजी स्कूटर दिंडोरीच्या रस्त्याला घातली. पुढ्यात त्याची बोट होती.

मळ्याच्या टोकाला, पालखेडच्या पाण्याशी, सासरे रावजी एका उलट्या क्रेटवर बसले होते. हातात मोहिनीचं स्टॉपवॉच. पिवळी बोट पाण्यावरून गेली आणि रावजींनी बटण दाबलं. "लय जोरात गेली बघ ही," ते म्हणाले. मग त्यांना जावई दिसला. "या पाव्हणं. हे यंत्र मला काय समजत नाय. ती दाब म्हनली का दाबायचं."

यादवच्या मनात पहिली कळ उठली ती हीच, की ही जागा आपली होती. स्टॉपवॉच घेऊन तिच्याजवळ बसायची. मग त्याच्या लक्षात आलं की ती त्याची कधीच नव्हती. तिथं नेहमी ती बसायची.

मोहिनीनं बोट काठाला आणली. उजवा पाय तिनं स्वतः बसवला होता. जोड दिसत होता, ओबडधोबड, पण बसला होता सरळ.

"माझी बोट बिघडलीय," यादव म्हणाला. "बघतेस का?"

तिनं पिवळ्या बोटीतलं पाणी ओतून टाकलं. रावजी उठले, वेलींकडे काहीतरी काम असल्यासारखे निघून गेले.

"त्या दिवशी मी मुद्दामच गप्प बसलो," तो म्हणाला.

"ते मला माहीत आहे."

"तुला सगळे विचारतात, ते मला बघवत नाही. अजूनही नाही बघवत."

"तेही माहीत आहे. खडकावर जाऊन बसला होतात म्हणे." तिनं बोट पुसायला घेतली. "मला तुमच्या त्या वाटण्याचं काही नाही. पण टाकी सरकवायला मी सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, मी सरकवली. तेव्हापासून मी वाट बघतेय. बोट बघते मी. पण जे मी सांगेन, ते चारचौघांत माझं म्हणून सांगायचं."

यादव हो म्हणाला. तिनं त्याची बोट पळवायला लावली, एकदा बघितली आणि म्हणाली, "इंजिन तिरकं बसलंय. खालचा बोल्ट झिजलाय तुमचा." तो वाकून बघतो तो खरंच बोल्ट झिजला होता. आठ-नऊ महिने त्याच्या डोळ्यांसमोर होता.

पुढच्या जानेवारीत पुन्हा लोक जमले. मोहिनीची बोट पहिली आली, आणि फरकानं आली. यादवची तिसरी. ठाण्याच्या एका माणसानं त्याच्या बोटीचं कौतुक केलं. "फार छान बसवलीय. एवढ्या जुन्या इंजिनावर?"

यादवच्या तोंडात ‘हो’ आलं होतं. ते त्यानं गिळलं. "मी नाही बसवली. मिसेसनी बसवली. ती पिवळीवाली," तो म्हणाला, आणि दुखऱ्या दाढेवर खडा यावा तसं झालं. तो माणूस लगेच मोहिनीकडे गेलाच. दुसऱ्या माणसाला सांगतानाही तसंच दुखलं. पुढं पुढं सवय होईल असं त्याला वाटलं होतं, पण तशी काही झाली नाही. तो सांगत मात्र राहिला. मेजर कूपर गेले त्या वर्षापर्यंत, आणि नंतर बॅटरीवरच्या बोटी आल्या, एरंडेलाचा वास धरणावरून उडाला, तेव्हाही.

२००८च्या हिवाळ्यातली गोष्ट. नवी मंडळी उशिरा यायची होती आणि धरणावर दोघंच होते. मोहिनीनं हट्टानं अजून ते जपानी इंजिनच ठेवलं होतं. तिची एक धाव झाली. यादव गुडघाभर पाण्यात बोट धरायला उभा होता. तो काठावर आला आणि म्हणाला, "एकदा मला पळवू दे."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं ते कधी मागितलं नव्हतं. तिनं रिमोट त्याच्या हातात दिला आणि स्वतः पाण्यात उतरून बोट सोडली.

त्यानं अंगठा पुढे नेला. इंजिन गायला लागलं. पिवळी बोट उचलली गेली, आणि यादवला वाटलं काडी तुटलीय की काय, कारण अंगठ्याला काही सावरावंच लागत नव्हतं. ना डावीकडे, ना उजवीकडे. त्याच्या स्वतःच्या बोटी सतत कुठंतरी ओढायच्या. त्यानं आयुष्यभर त्या ओढीलाच पळवणं समजलं होतं. ही नुसती जात होती. डबे मागे पडले, तरी त्यानं अंगठा सैल केला नाही. पार पलीकडच्या काठापर्यंत नेऊन, मग वळवून आणली.

"अशी पळते होय," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, कान लाल झाले होते आणि तो हसत होता.

"अजून एकदा?" मोहिनीनं विचारलं.

"नको," तो म्हणाला. त्यानं रिमोट तिच्यापुढे धरला. तिनं हात पुढे केला नाही. ती बोट धरून, पुन्हा सोडायच्या तयारीत, पाण्यात तशीच उभी राहिली.

"बरं," यादव म्हणाला, "सोड."